देवराईच्या कडेला कलामंडप : आराखड्यापासून शाकारणीपर्यंत

दक्षिण रत्नागिरीत आणि सिंधुदुर्गात गावदेवाच्या देवळालगत राई असते. कुठे तिला देवराई म्हणतात, कुठे देवरहाटी. दशावतार, नमन-खेळे, भजन, चित्रकथी, वाचनालय अशा कामांसाठी गावाला कायमची जागा हवी असते, आणि मुंबईकर मंडळाकडून पैसे जमले की पहिली नजर देवळाशेजारच्या या सावलीच्या जागेवर जाते. त्यानंतर बहुतेक ठिकाणी जे उभे राहते ते सर्वांच्या परिचयाचे आहे : सपाट केलेली जमीन, वर पत्रा, खाली चकचकीत फरशी आणि भोवती सिमेंटचे कुंपण. हा लेख असे काम प्रथमच हाती घेणाऱ्या तरुण वास्तुरचनाकारांसाठी आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून 200 माणसे जमिनीवर बसून रात्रभर दशावतार पाहू शकतील असा मंडप धरला आहे. माझे म्हणणे मूलतः इतकेच आहे की कोकणात इमारत म्हणजे आधी छप्पर आणि मग भिंती, आणि राईजवळ बांधताना ते छप्पर कोठे थांबवायचे हे सर्वांत आधी ठरवावे लागते. पुढच्या बहुतेक पायऱ्या यातूनच निघतात.

पायरी 1 : आत काय घडणार ते लिहून काढावे

आराखड्याची पहिली रेघ ओढण्यापूर्वी गावातल्या एका जत्रेची संपूर्ण रात्र पाहावी. दशावताराला नेपथ्य जवळजवळ लागतच नाही; एक बाकडे राजाचे सिंहासनही होते आणि ऋषीचे आसनही. हार्मोनियम, पखवाज आणि झांज वाजवणारे रंगमंचाच्या बाजूलाच बसतात, त्यामुळे त्यांच्यासाठी खड्डा किंवा वेगळा सज्जा काढण्याची गरज नसते. गरज असते ती रंगपटाची, आणि नेमकी तीच खोली आराखड्यात शेवटी उरलेल्या कोपऱ्यात ढकलली जाते. नट आपापली रंगरंगोटी स्वतः करतात आणि ती जमिनीवर बसून, समोर पेटारा उघडून करतात. म्हणून रंगपटात उभ्या माणसाच्या उंचीचे आरसे लावू नयेत. बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यासमोर येईल अशी आरशांची आडवी पट्टी लावावी, तिच्या दोन्ही बाजूंना दिवे द्यावेत आणि किरीट-वस्त्रे टांगण्यासाठी वर भक्कम खुंट्या ठेवाव्यात. दहा-पंधरा माणसांना पसरून बसता येईल एवढी, म्हणजे 20 चौरस मीटरच्या आसपासची, खोली पुरते.

प्रेक्षक जमिनीवर बसत असल्याने रंगमंच 45 सेंटिमीटरपेक्षा उंच करू नये, नाहीतर पुढच्या रांगेतल्या मुलांना नुसते पाय दिसतात. मांडी घालून बसलेल्या माणसाला साधारण 0.55 चौरस मीटर जागा धरावी. त्या हिशेबाने 200 माणसांना 110 चौरस मीटर, रंगमंचाला 30, रंगपटाला 20 आणि पडवीला 40 अशी बेरीज 200 चौरस मीटर होते. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण छपराचा आणि पाण्याचा हिशेब यावरच बेतलेला आहे. येथे खुर्च्या आणल्या तर बसण्याची जागा दीडपटीहून अधिक लागते आणि ती वाढ शेवटी राईच्याच अंगावर जाते. म्हाताऱ्या माणसांसाठी मागच्या भिंतीला लागून बसका कट्टा बांधावा. त्याने प्रश्न सुटतो.

चित्रकथीची गरज याहून निराळी आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या ठाकर कलाकारांनी ही कला टिकवून धरली आहे आणि तिथल्याच परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीत कथेकरी हातातले चित्र समोर धरून कथा गातो. शेवटच्या माणसाला चित्रातला डोळा दिसला पाहिजे, म्हणून तीस-चाळीस माणसांची पडवीच तिला योग्य आहे. चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळाला मात्र पडद्यामागचा दिवा आणि पुढचा अंधार लागतो. पडवीच्या एका टोकाला हा अंधार करता येईल अशी सोय ठेवली की दोन्ही कलांचे काम भागते.

शेवटी पालखी आणि तरंग. शिमग्यात पालखी खांद्यावर नाचते आणि दसऱ्याला तरंग बाहेर पडतात. लुगडी नेसवलेल्या त्या काठ्या दारात वाकवायच्या नसतात. मंडपाच्या ज्या बाजूने देव आत येणार तिथल्या तुळईची उंची पुस्तकातून घेऊ नये. गुरवांना विनंती करून सर्वांत उंच तरंग प्रत्यक्ष मोजावा आणि वर हातभर मोकळीक ठेवावी.

पायरी 2 : कागद आणि कौल

सातबारा, फेरफार आणि गावनकाशा एकत्र ठेवून वाचावे. पुष्कळ देवराया देवस्थानाच्या वहिवाटीत असल्या तरी कागदावर सरकारच्या किंवा वनखात्याच्या नावे असतात. इतर हक्कांच्या रकान्यात 1975 च्या महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमाची नोंद आहे का, हे पाहावे. वनजमिनीवर बांधकामासाठी 1980 च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची पूर्वपरवानगी लागते. सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 च्या आदेशात वन या शब्दाचा अर्थ मालकी कोणाचीही असली तरी शब्दकोशाप्रमाणे घ्यावा असे म्हटले होते, आणि 2023 मध्ये मूळ कायद्यात दुरुस्ती झाली. म्हणून आपल्या गट क्रमांकाची आजची स्थिती वनपरिक्षेत्र कार्यालयातून लेखीच घ्यावी. आंबा, फणस, हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ, खैर ही झाडे 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत, तेव्हा ती खाजगी जागेत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. खाडीकाठी किंवा किनाऱ्याजवळ जागा असेल तर सागरी किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा पाहावा लागतो.

गावाची परवानगी याच काळात घ्यावी. मानकऱ्यांच्या बैठकीत विषय मांडावा आणि देवाला कौल लावण्याची रीत असेल तर ती पूर्ण होईपर्यंत रंगीत चित्रे आणि प्रतिकृती घेऊन जाऊ नये. तयार चित्र पाहिले की चर्चा रंगावर आणि कमानीवर जाते आणि जागेचा मूळ प्रश्न बाजूला पडतो. बैठकीत बायका बोलत नसतील तर त्यांच्याकडे स्वतंत्रपणे जावे. पाणी कोठून आणतात, रात्री कोणत्या वाटेने जायला भीती वाटते आणि राईत कोठे जाऊ नये असे मानतात, हे त्यांनाच नेमके ठाऊक असते.

पायरी 3 : एक पावसाळा जागेवर काढावा

घाई असलेल्या मंडळाला हे पटवणे अवघड जाते, पण या पायरीला पर्याय नाही. कोकण किनारपट्टीवर वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी घळ जुलैत वहाळ होते. भर पावसात जागेवर जाऊन पाणी कोठून येते, कोठे साचते आणि कोठे जमिनीत मुरते, हे नकाशावर निळ्या पेन्सिलीने काढावे. झड, म्हणजे वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस, कोणत्या दिशेने येते हे सांगायला उपकरण लागत नाही. जुन्या गडग्याची, म्हणजे दगडी कुंपणाची, जी बाजू शेवाळाने जाड झाली आहे आणि आजूबाजूच्या घरांनी ज्या बाजूला झापे, म्हणजे विणलेल्या झावळ्या, बांधले आहेत, ती झडीची बाजू. बहुतेक ठिकाणी ती पश्चिम किंवा नैर्ऋत्य निघते, पण डोंगराच्या वळणाने ती बदलते, म्हणून पाहूनच ठरवावे.

पाऊस ओसरला की झाडांची मोजणी करावी. राईच्या कडेपासून आत सुमारे 20 मीटरपर्यंतचे प्रत्येक मोठे झाड 1 : 200 या प्रमाणाच्या नकाशावर आणावे. खुणेसाठी खिळा ठोकू नये, काथ्याची सैल दोरी बांधावी आणि मोजणी झाल्यावर सोडावी. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवर, बुंध्याचा घेर मोजावा आणि त्याला 3.14 ने भागून व्यास काढावा. व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे मुळांचे राखीव क्षेत्र. किंजळीचा घेर 190 सेंटिमीटर असेल तर व्यास 60 सेंटिमीटर आणि वर्तुळाची त्रिज्या 7.2 मीटर येते. नवख्या माणसाला हे वर्तुळ फार मोठे वाटते, कारण मुळे खोल जातात अशी समजूत असते. प्रत्यक्षात अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या हातभर मातीतच पसरलेली असतात आणि जांभ्याच्या कातळावर तर त्यांना खाली जायला फटीशिवाय वाट नसते.

झाडांबरोबर वारुळेही नकाशावर आणावीत. सिंधुदुर्गात वारूळ म्हणजे सातेरी देवीचे रूप आहे, आणि वास्तुरचनाकाराला ते मातीचा ढीग वाटला तर गावात काम बंद पडायला तेवढेच पुरते. ढोली असलेली झाडे आणि वड, पिंपळ, उंबर, पायरी यांची ठिकाणे वेगळ्या रंगात दाखवावीत. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि पिले मोठी होईपर्यंत नर बाहेरून फळे भरवतो. उन्हाळ्यातल्या या काळात ढोलीजवळ धडधड झाली तर सगळी वीणच धोक्यात येते. मेअखेरीस, पहिल्या पावसाच्या सुमारास, रात्री एकदा काजव्यांसाठीही जावे. काजवे ज्या भागात अधिक दिसतात, त्या बाजूला मंडपाची पाठ असावी.

जागा सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, असेल तर आणखी एक काळजी. राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत आणि कोकणातल्या अशा शिल्पस्थळांचा 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. माती-गवताखाली झाकलेली शिल्पे सहज दिसत नाहीत. तिरप्या उन्हात, म्हणजे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, कातळ झाडून पाहावा आणि रेघा आढळल्यास सपाटीकरण तिथेच थांबवून पुरातत्त्व खात्याला कळवावे.

पायरी 4 : जागा नक्की करावी

आता नकाशावर तीन रेघा असतील : पाण्याची, मुळांच्या वर्तुळांची आणि झडीच्या दिशेची. मंडप या तिन्हींच्या बाहेर, राईच्या कडेला, शक्य तर आधीच उघड्या पडलेल्या जमिनीवर बसवावा. राईच्या आत एखादे झाड मंडपातून वर काढलेले चित्र मोहक दिसते, पण छपराला पडलेल्या त्या भोकातून चार महिने पाणी आत येते, बुंधा वाऱ्याने हलतो तशी कौले सुटतात आणि दहा वर्षांनी झाड तोडण्याचा ठराव होतो. झाडाशी जवळीक साधायची तर त्याच्याकडे तोंड करून बसावे, त्याला घरात घेऊ नये.

चौथी रेघ पडझडीची. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने रायगडपासून दापोली-मंडणगडपर्यंत आणि मे 2021 च्या तौक्ते वादळाने सगळ्या किनाऱ्यावर किती झाडे आडवी केली, हे पाहिलेल्या कोणालाही समजावण्याची गरज नाही. कडेचे झाड जितके उंच तितके अंतर मोकळे ठेवता आले तर उत्तम. ते जमत नसेल तर निदान वठलेल्या आणि मंडपाकडे कललेल्या झाडांपासून तरी ते पाळावे. वठलेले झाड धोकादायक म्हणून तोडून टाकण्यापेक्षा मंडप चार मीटर सरकवणे स्वस्त पडते, आणि सुतारपक्षी व घुबड यांची घरे राहतात.

उतारावर जमीन कापून सपाटी करण्याचा मोह टाळावा. जांभ्याच्या टणक थराखाली पुष्कळ ठिकाणी मऊ, पांढरट-पिवळी चिकणमाती असते. वरचा थर कापला की ती पावसात फुगते आणि दरड सरकते. कापलेली माती उताराखालच्या झाडांच्या बुंध्यांशी टाकली तर मुळे गुदमरून झाड दोन-तीन वर्षांत हळूहळू वाळते आणि कारण कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यापेक्षा जोते टप्प्याटप्प्याने उतरते करावे. प्रेक्षकांना उतरती बैठक आपोआप मिळते आणि रंगमंच खालच्या टप्प्यावर येतो. सलग चर खणण्याऐवजी सुट्या खांबांचे पाये घ्यावेत आणि मूळ आडवे आले तर पाया सरकवता येईल एवढी मोकळीक आराखड्यात ठेवावी.

गाड्या दूरच थांबवाव्यात. शेवटची शंभर पावले जांभ्याच्या पाखाडीने, म्हणजे दगडी पायवाटेने, चालत यावे; पेटारे वाहणाऱ्यांसाठी एक हातगाडीची वाट पुरे.

पायरी 5 : छप्पर

भिंतीबाहेर येणारा भाग सोडला तर आपल्या मंडपाचे छप्पर वरून पाहता 200 चौरस मीटर आहे. 3000 मिलिमीटर पावसाने त्यावर वर्षाला 6 लाख लिटर पाणी पडेल, आणि तासाला 100 मिलिमीटरची एक जोरदार सर आली तर त्या एका तासात 20,000 लिटर. हे पाणी अडवायचे नाही, लवकर आणि नेमक्या ठिकाणी खाली उतरवायचे आहे. म्हणून छपराचा आकार साधा, दुपाखी किंवा चौपाखी ठेवावा. दोन छपरे जिथे आत मिळतात तिथली पन्हळ राईजवळ कधीही ठेवू नये; फणसाची आणि ऐनाची पाने तिच्यात अडकतात, पाणी तुंबते आणि कौलांखालून आत शिरते. पागोळीला पत्र्याचे नळही याच कारणाने लावू नयेत. पागोळी सरळ खाली, दगड पसरलेल्या उथळ चरात पडू द्यावी.

कौलांसाठी उतार 30 अंशांपेक्षा कमी नसावा. मंडप 10 मीटर रुंद असेल तर मध्ये 2.9 मीटर चढ येतो, पागोळीची कड 2.4 मीटरवर धरली तर आढे, म्हणजे छपराचा माथा, 5.3 मीटरवर जाते. राईतल्या मोठ्या झाडांच्या डेऱ्याखाली हे सहज मावते, आणि दुरून पाहणाऱ्याला आधी राई आणि मग छप्पर दिसावे हा साधा निकष पाळला जातो. झडीच्या बाजूची पागोळी आणखी खाली, 2.1 मीटरपर्यंत, आणावी आणि राईकडची बाजू उंच ठेवावी.

झोक, म्हणजे भिंतीबाहेर येणारा छपराचा भाग, किती पुढे काढावा याचे गणित सोपे आहे. झड 45 अंशांत आली तर झोक जितका पुढे तितकीच भिंत वरून खाली कोरडी राहते. म्हणजे 1.2 मीटरच्या झोकाने 2.4 मीटर भिंतीपैकी अर्धीच वाचते. पश्चिमेला म्हणूनच झोक पुरत नाही, पडवी लागते, 2.4 मीटर खोल पडवी दिली की आतली भिंत पायापर्यंत कोरडी राहते. जुन्या घरांना त्या बाजूला पडवी का असते, याचे उत्तर हेच आहे. आधार न देता झोक एक-सव्वा मीटरच्या पुढे नेऊ नये, कारण वादळात वारा खालून शिरून छप्पर उचलतो. पागोळीच्या दोन ओळी आणि आढ्याजवळची ओळ तारेने बांधावी, वासे तुळईला आणि तुळई खांबाला लोखंडी पट्टीने जखडावी.

मंगलोरी कौले कोकणाची पारंपरिक म्हणून ओळखली जातात, पण त्यांचा पहिला कारखाना बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला काढला. त्याआधी इथे नळ्यांची कौले आणि गवत होते. एका चौरस मीटरला साधारण 15 कौले लागतात. झोक सोडून उतरत्या छपराचे क्षेत्र 230 चौरस मीटर होते, म्हणजे सुमारे 3,500 कौले, आणि फुटतुटीसाठी आणखी दोन-तीनशे जवळ ठेवावीत. माकडांचा उपद्रव खरा आहे आणि केवळ त्यापायी लोक पत्र्याकडे वळतात. पण पत्र्यावर सर आली की पायपेटी ऐकू येत नाही, नटाचे बोलणे तर दूरच. ज्या इमारतीचे काम ऐकणे आहे तिच्यावर नुसता पत्रा घालू नये. रिपांखाली लाकडी फळ्यांचे किंवा बांबूचे आच्छादन घालून वर कौले बसवली तर फुटलेल्या कौलातून गळती लगेच आत येत नाही आणि आवाजही मरतो.

लाकडाबाबत माझे मत काहींना रुचणार नाही. मोठ्या तुळयांसाठी आज नवे झाड तोडणे समर्थनीय नाही. पाडल्या जाणाऱ्या जुन्या घरांचे ऐन, किंजळ, फणस यांचे वासे मिळाले तर घ्यावेत; न मिळाल्यास लोखंडी कैच्या, म्हणजे छपराला आधार देणारे त्रिकोणी सांगाडे, वापराव्यात, त्या जस्तलेपित असाव्यात आणि खाऱ्या हवेमुळे त्यांचा रंग दर तीन-चार वर्षांनी पाहावा. परंपरेच्या नावाखाली राईतल्याच झाडाचा खांब करण्यापेक्षा हे बरे. पडदे आणि जाळ्यांसाठी माणगा बांबू उत्तम आहे. तो जवळजवळ भरीव असतो आणि त्याला काटे नसतात. थंडीत तोडून बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवला तर भुंगा लागत नाही.

पायरी 6 : भिंती आणि जमीन

भिंती थोड्याच हव्यात. झडीच्या बाजूला चिऱ्याची (जांभ्याच्या घडीव दगडाची) भरीव भिंत, रंगपटाला तीन भिंती आणि बाकी खांब. जत्रांचा हंगाम कार्तिकापासून सुरू होतो आणि त्या रात्री पहाटेकडे जमिनीवरून थंड वारा वाहतो, म्हणून पूर्वेला बांबूचे सरकते पडदे द्यावेत. उन्हाळ्यात दुपारचा वारा समुद्रावरून येतो. त्यासाठी वायव्येकडच्या भिंतीत जाळी ठेवावी. प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर, नूमेया येथे, वास्तुरचनाकार रेंझो पियानो यांनी 1998 मध्ये पूर्ण केलेल्या जिबाऊ सांस्कृतिक केंद्रात लाकडी पट्ट्यांच्या दुहेरी भिंतीतल्या झडपा वाऱ्याप्रमाणे उघडतात आणि मिटतात. ते तंत्र फार खर्चिक आहे, पण वाऱ्याला भिंत न करता झडप करावी हा विचार आपल्या पडद्यातही बसतो.

चिरा खाणीतून काढला तेव्हा मऊ असतो आणि हवेत टणक होतो. म्हणून तो काही महिने उघड्यावर ठेवून मगच लावावा. हातोडीने ठोकून पाहावे. भरीव आवाजाचा, मातीचे पांढरट कप्पे नसलेला चिरा निवडावा. मोडक्या घरांचे जुने चिरे मिळाले तर नव्या खाणीची गरज तेवढी कमी होते. जांभा पाणी पितो, त्याच्यावर सिमेंटचा गिलावा केला तर आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही आणि पोपडे सुटतात. चिरा उघडाच ठेवावा, सांधे चुन्याने भरावेत आणि जोत्याचे पहिले दोन थर शक्यतो काळ्या दगडाचे घ्यावेत. जमिनीला चकचकीत फरशी नको. अनवाणी नाचणारा नट तिच्यावर घसरतो आणि बसणाऱ्याला ती थंडीत बोचते. चोपून घट्ट केलेली, सारवलेली जमीन सर्वांत सुखाची, पण ती दर सणाला सारवणारे हात गावात आहेत का, हे आधी विचारावे. नसतील तर लाल ऑक्साइडची जमीन करावी.

पायरी 7 : उजेड आणि आवाज

राईला त्रास होतो तो मुख्यतः रात्री. काजव्यांचे मीलन प्रकाशाच्या खुणांवर चालते आणि पांढऱ्याशुभ्र फ्लडलाइटपुढे त्या खुणा दिसतच नाहीत. मंडपाबाहेरच्या दिव्यांना टोपी असावी, प्रकाश फक्त पायवाटेवर पडावा, दिवे गुडघ्याच्या उंचीवर असावेत आणि त्यांचा रंग पिवळट, 2700 केल्विन किंवा त्याहून खाली असावा. झाडांवर खालून उजेड टाकण्याची हौस करू नये. मंडपातल्या दिव्यांचे तोंड रंगमंचाकडे आणि पाठ राईकडे ठेवावी. बाहेरच्या दिव्यांचा खटका वेगळा ठेवावा आणि कार्यक्रम नसताना ते बंद राहतील याची जबाबदारी एका माणसाला नावानिशी द्यावी.

आवाजाचे काम आराखड्यातच करावे लागते. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे, आणि दशावतार तर रंगतो मध्यरात्रीनंतर. म्हणून मंडप इतका आटोपशीर ठेवावा की ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या माणसाला ऐकू जाईल. रंगमंचाच्या पुढच्या कडेपासून शेवटची रांग 12 मीटरच्या आत असली तर सरावाच्या नटाला हे जमते. रंगमंचामागे चिऱ्याची भरीव भिंत आणि वर फळ्यांचा कललेला तक्तपोस दिला तर आवाज प्रेक्षकांकडे परततो. प्रेक्षक तीन बाजूंनी बसवले तर अंतर आणखी कमी होते, आणि देवळाच्या सभामंडपात लोक बसतात ते असेच.

पायरी 8 : पाणी आणि संडास

गावाची बाव (विहीर) किंवा झरा पुष्कळदा राईच्या पायथ्याशी असतो. जांभा सच्छिद्र असल्याने शोषखड्ड्यातले पाणी वेगाने पसरते. म्हणून संडास नेहमी बावीच्या उताराखाली आणि शक्य तितके लांब ठेवावेत. बायकांसाठी संडास दुप्पट असावेत आणि त्यांच्याकडे जाणारी वाट पुरुषांच्या बसण्याच्या जागेवरून जाऊ नये. पागोळीचा चर वहाळाकडे नेण्यापूर्वी एका उथळ, दगडी खड्ड्यातून न्यावा, म्हणजे माती तिथेच बसते.

पायरी 9 : बांधकामाचा हंगाम

पाये दिवाळीनंतर लगेच घ्यावेत आणि खणणे, दगड फोडणे अशी धडधडीची कामे जानेवारीअखेर संपवावीत, म्हणजे धनेशाच्या विणीला उपद्रव होत नाही. छप्पर एप्रिलअखेर पुरे व्हावे, कारण मे महिन्यातल्या वळवाचा भरवसा नसतो.

काम सुरू होण्यापूर्वी राखीव वर्तुळांच्या कडेने बांबू रोवून दोरी बांधावी आणि जेसीबीच्या चालकाला ती स्वतः चालून दाखवावी. त्याच्याशी पाच मिनिटे बोलणे हे नकाशाच्या दहा प्रतींपेक्षा उपयोगी पडते. एकदा जड यंत्र मुळांवरून गेले की माती दाबली जाते आणि ती पुन्हा सैल होत नाही. चिरे, रेती आणि सिमेंट आधीच्या उघड्या जागेतच उतरवावे. सिमेंट कालवलेली भांडी धुण्यासाठी ताडपत्री घातलेला एक खड्डा करावा, कारण ते पाणी अल्कधर्मी असते आणि राईतल्या आंबट मातीचा पोत बिघडवते. कामगार जागेवर राहत असतील तर त्यांच्या जेवणासाठी गॅस कंत्राटातच धरावा. नाहीतर चूल राईतल्या काटक्यांवर पेटते, आणि जिथे वाळलेले पानही बाहेर न्यायचे नाही असा नेम आहे तिथे दोष गरीब माणसावर येतो.

पायरी 10 : शाकारणी

कौलारू मंडप दर वर्षी मेच्या पहिल्या पंधरवड्यात शाकारावा लागतो. कौले उतरवून झाडावीत, फुटकी बदलावीत, वासे ठोकून वाळवी पाहावी, तारा तपासाव्यात, पागोळीच्या चरातली पाने काढावीत आणि ती राईतच परत टाकावीत. पश्चिमेच्या पडवीला झापे बांधण्याचे काम मात्र मृगापूर्वी, वेगळे करावे. या सगळ्याला दोन कुशल माणसे आणि चार-पाच मदतनीस लागतात. त्यांची मजुरी आणि दोन-तीनशे कौलांची किंमत दर वर्षी कोठून येणार, हे मंडळाच्या ठरावात इमारतीच्या खर्चाबरोबरच लिहून घ्यावे. जमलेल्या निधीतून या कामापुरती रक्कम वेगळ्या ठेवीत ठेवावी आणि तिच्या व्याजावर शाकारणी चालावी. कौले चढवणाऱ्या जुन्या माणसाबरोबर गावातला एक तरुण दर वर्षी छपरावर पाठवावा.